गहू बंद झालेलं खान्देशी घर: रोजचा स्वयंपाक, दळण आणि बाजारहाट

अमळनेरची_माई

नमस्कार मंडळी. आमच्या नऊ वर्षांच्या लेकीला सिलिअॅक, म्हणजे गव्हासारख्या धान्यांमुळे आतड्याला इजा होणारा आजार, असल्याचं निदान झालंय. बरेच महिने तिचं रक्त वाढत नव्हतं, लोहाची औषधं देऊनही फरक पडेना. वर्गात सगळ्यात बुटकी, तोंड सारखं आलेलं, पोट फुगलेलं. शेवटी रक्ताची टीटीजी तपासणी झाली, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासला. डॉक्टर म्हणाले, गहू, जव आणि राय आयुष्यभर बंद. यावर गोळी नाही, खाणं हेच औषध.

घरी आल्यावर मोबाइलवर शोधलं तर बदामाचं पीठ, किनोआ, परदेशी ब्रेड असलंच सगळं समोर आलं. शेतीवर चालणारं आमचं घर आहे, एवढ्याशा पाकिटाला एवढे पैसे रोज कुठून आणायचे? सासूबाई म्हणतात, "अगं, भाकर आहे की आपल्याकडे." ते खरंच आहे, पण मग डब्याचं काय, अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) पुरणपोळीचं काय, लग्नातल्या वरण-बट्टीचं काय? दळणही गावातल्या गिरणीतूनच येतं. ज्यांच्या घरात हे चालू आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

दादरवाली

माई, आधी धीर धरा. मला स्वतःला सिलिअॅक आहे, चोपड्याला सासर, एकत्र कुटुंब, घरात रोज दोन्ही वेळा पोळ्या होतात आणि माझं व्यवस्थित चाललंय.

तुमच्या सासूबाई बरोबर बोलल्या. ज्वारी, बाजरी, मका, नागली, तांदूळ, भगर, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, सगळ्या डाळी, बेसन, शेंगदाणे, तीळ, दूधदुभतं, अंडी, मटण, भाज्या, फळं यांत मुळात ग्लूटेन, म्हणजे गहू, जव, राय यांतलं बाधणारं प्रथिन, नसतंच. कळण्याची भाकर, ठेचा, भरीत, फुणके आणि कढी, पातोड्यांची भाजी, दाळगंडोरी, तुरीच्या डाळीची खिचडी, गंगाफळाची भाजी, शेंगदाण्याची चटणी हे आपलंच जेवण आहे आणि लेकीला ते सगळं चालतं. आपल्याकडे जेवणाचा प्रश्न नाही. प्रश्न आहे भाकरीत नकळत मिसळणाऱ्या गव्हाचा. म्हणून पैसे पाकिटांवर घालवण्याआधी दळणावर खर्च करा.

गिरणीचं नीट सांगते. आपण दळण घेऊन गेलो की गिरणीवाला विचारतो, "कशावर टाकू?" ज्वारीवर ज्वारी टाकली की आपलं समाधान होतं. पण त्या ज्वारीच्या आधी सकाळपासून गहूच दळला गेलेला असतो. पाळ्यांच्या मधे, तोंडाला बांधलेल्या कापडात, खालच्या डब्याच्या कोपऱ्यात कणीक बसलेली असते आणि हवेत उडते ती वेगळीच. बाकीच्यांना त्याने काही होत नाही. लेकीसाठी मात्र गिरणीचं पीठ नको, पहिलं दळण असलं तरी नको.

आम्ही घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू कधीच जाणार नाही असं ठरवलं. घरातल्यांचा गहू गिरणीत, माझी ज्वारी घरात. सेकंडहँड घेऊ नका, आधीच्या घरी तिच्यात गहूच दळलेला असणार. घरघंटी लगेच जमणार नसेल तर कोरड्या, वेगळ्या ठेवलेल्या मिक्सरच्या भांड्यात थोडी थोडी ज्वारी फिरवा आणि नव्या चाळणीने चाळा. पीठ थोडं रवाळ राहतं, पण उकड काढली की भाकर होते.

पीठ विकत न घेता धान्यच घ्या. आमच्या भागात तापीकाठची दादर ज्वारी मिळते, तिची भाकर गोड आणि मऊ. धान्य घरी आणलं की परातीत पसरून निवडायला बसायचं. मळणी यंत्र तेच असतं, आज ज्वारी तर उद्या गहू, त्यामुळे ज्वारीत गव्हाचे दाणे सापडतातच. लांबट, मधे चीर असलेला दाणा पांढऱ्या गोल ज्वारीत लगेच दिसतो. निवडून झालं की दोन पाण्यांतून धुवायची, कडक उन्हात वाळवायची, मग दळायची. एका वेळी आठवड्यापुरतंच दळा. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी (चिकटपणा) जाते, भाकर थापताना कडा चिरतात आणि पोर म्हणते भाकर नको.

---

आबा_चाळीसगाव

सूनबाई, वाईट वाटून घेऊ नका, पण एक विचारतो. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. सणावाराला अर्धी पोळी, देवाचा चमचाभर शिरा खाल्ला तर एवढं काय होणार? पोर आहे, तिचं मन मारू नये असं वाटतं.

---

डॉ_नंदुरबार

आबा, तुमच्या मनात नातीसारख्या या पोरीबद्दल माया आहे म्हणून तुम्ही विचारताय, त्यामुळे नीट उत्तर देतो. मी बालरोगतज्ज्ञ आहे.

ही पोट बिघडण्याची साधी तक्रार नाही. ग्लूटेन आत गेलं की शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतून मखमलीसारखे बारीक अंकुर असतात, त्यांच्यातून अन्न शोषलं जातं. ते झिजून सपाट होतात. मग मूल कितीही खाऊ दे, लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं अंगी लागत नाहीत. उंची खुंटते ती त्यामुळे.

आता "थोडं" म्हणजे किती ते सांगतो. रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिलं तरी आतड्याला इजा होते, हे रुग्णांवरच्या अभ्यासात दिसलेलं आहे. ५० मिलिग्रॅम ग्लूटेन म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम कणीक, एक चिमूट. एका पोळीत याच्या कितीतरी पट असतं. वर पोट दुखलं नाही म्हणजे आत काही झालं नाही असंही नसतं. देवाचा शिरा हातात घ्यावा, कपाळाला लावावा आणि आजोबांच्या ताटात ठेवावा.

आमच्या वेळी नव्हतं असं वाटतं, कारण निदानच होत नव्हतं. या मुलांना नेमकं काय बाधतं ते विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने उलगडून दाखवलं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, ब्रेड मिळेनासा झाला, आणि त्याच्याकडची आजारी मुलं सुधारू लागली. ब्रेड परत आला तशी ती पुन्हा खालावली. गहूच कारण आहे असा त्याचा आधीपासूनचा कयास होता, तो पक्का झाला. १९५० मध्ये त्याने यावर प्रबंध लिहिला.

माई, तुम्हाला दोन गोष्टी. लेकीची सख्खी भावंडं आणि तुम्ही दोघं आईवडील, सगळ्यांची टीटीजी तपासणी करून घ्या. जवळच्या रक्ताच्या नात्यात साधारण दहांत एकाला हा आजार निघू शकतो. तपासणी होईपर्यंत त्यांचा गहू बंद करू नका, नाहीतर तपासणीत आजार लपतो. दुसरं म्हणजे सुरुवातीचे काही महिने तिला दूधही पचायला जड जाऊ शकतं. आतडं भरून आलं की बहुतेकांना ते पुन्हा चालतं. तोवर दही-ताक देऊन बघा आणि तुमच्या डॉक्टरांशी बोला.

---

आबा_चाळीसगाव

समजलं डॉक्टरसाहेब. चिमूटभर कणकेचं ऐकून अंगावर काटा आला. आमच्याकडे कोणी पाहुणं असं आलं तर आता आग्रह करणार नाही, घरातही सांगतो.

---

पाचकंदील

धुळ्यात आमचं किराणा दुकान आहे, म्हणून बाजाराचं मी लिहितो.

सगळ्यात आधी हिंग. माई, घरातली हिंगाची डबी उचला आणि मागचं वाचा. बाजारात मिळतो तो बांधणीचा हिंग, म्हणजे थोडा हिंग, डिंक आणि पीठ. ते पीठ बहुतेक वेळा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं, काही कंपन्या तांदळाचं वापरतात. फोडणीत रोज हिंग, म्हणजे वरणात, भाजीत, कढीत रोज थोडा गहू. तांदळाच्या पिठातला शोधून घ्या, पीठ न मिसळलेला खडा हिंग घ्या, नाहीतर सरळ लसणाची फोडणी द्या. आपल्याकडे लसणाला काय कमी आहे! हिंगाचं लक्षात आलं की पुढचं आपोआप लक्षात येतं: उडदाच्या पापडात हिंग, लोणच्यात हिंग, विकतच्या शेवेत हिंग.

शेव घरीच पाडा. शेवभाजीवाचून आपल्या माणसाचं होत नाही, पण विकतच्या शेवेच्या कढईत मैद्याच्या शंकरपाळ्या, समोसे, कचोऱ्या तळलेल्या असतात. तेल तेच. बेसनसुद्धा सुटं घेऊ नका. हरभऱ्याची डाळ आणून घरघंटीवर दळा.

पाकीट घेताना पुढचं चित्र बघू नका, मागचे घटक वाचा. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं, तेव्हापासून दुकानात ज्वारीची बिस्किटं, नाचणीची बिस्किटं, मिलेटच्या कुकीज यांची रांग लागली आहे. पुढे ज्वारीचं कणीस आणि मागे घटकांत गव्हाचं पीठ किंवा मैदा. 'मिलेट' लिहिलंय म्हणजे ग्लूटेन नाही असा अर्थ होत नाही. 'ग्लूटेन फ्री' असं लिहायचं तर आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे, किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नको. ते शब्द असतील तरच पाकीट घ्या. शिवाय ॲलर्जीची सूचना घटकांच्या खाली वेगळी छापलेली असते, तिथे गहू, जव, ओट्स लिहिलंय का बघा. माल्ट म्हणजे जवच. दुधात घालायच्या पावडरी, कॉर्नफ्लेक्स यांत तो असतो. सोया सॉसमध्ये गहू असतो.

खपली गहू चालतो असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. अजिबात चालत नाही, तोही गहूच. सातूचं पीठसुद्धा नको. थालीपिठाची तयार भाजणी नको, त्यात गहू असतोच. गहू वगळून घरी भाजा.

---

पुण्यातली_जळगावकर

पाचकंदील दादांशी सहमत, पण पाकिटं पूर्ण टाकाऊ नाहीत. माझ्या मुलाला सिलिअॅक आहे. शाळेत वाढदिवसाला सगळे केक खातात तेव्हा त्याच्या दप्तरात ग्लूटेन-फ्री बिस्किटाचा एक पुडा असतोच. महिन्याला दोन-तीन पुडे घेतले तर तेवढं जमतं. जेवण त्यावर चालवू नका. त्यात स्टार्च आणि साखर भरपूर असते, तंतू कमी असतात.

डब्याचं सांगते. दुपारपर्यंत भाकर वातड होते, मुलं परत आणतात. त्याऐवजी ज्वारीचे फुलके करा. एक वाटी पाणी, मीठ, चमचाभर तेल, उकळी आली की गॅस बारीक करून एक वाटी ज्वारीचं पीठ घालायचं, उलथन्याच्या दांड्याने ढवळून झाकण ठेवायचं, गॅस बंद. दहा मिनिटांनी परातीत काढून हाताला सोसेल इतकं गरम असतानाच तळव्याने रगडून मळायचं. इथे घाई करायची नाही. गोळा हातात घेऊन दाबला तर कडेला चीर पडता कामा नये. चीर पडली तर पाण्याचा हात लावून आणखी मळायचं. मग ज्वारीच्याच पिठावर अलगद लाटायचं, तव्यावर दोन्ही बाजूंनी अर्धवट भाजून जाळावर टम्म फुगवायचं. गरम असतानाच तूप लावून सुती फडक्यात गुंडाळा, डब्यातही मऊ राहतो. पिठाला विरी कमी वाटली तर उकडताना चमचाभर इसबगोल घाला.

पोळपाट-लाटणं मात्र तिचं वेगळं हवं. लाकडाच्या रेघांत कणीक बसते, घासून निघत नाही. तवा, चाळणी, परात, तळणीचं तेलही वेगळं. आमच्याकडे सगळ्यावर लाल दोरा बांधलाय, पाहुण्यांनाही कळतं. तुपाच्या डब्यात पोळीचा तुकडा बुडवायची सवय घरात असेल तर तिचा डबा वेगळा करा. आणि आधी तिचा स्वयंपाक उरकायचा, मग कणीक काढायची.

---

सातपुड्याची_सून

मी धडगावकडची. आमच्याकडे मक्याची भाकर रोजचीच. ज्वारीचा कंटाळा आला की मका आणा, पण तोही दाणे आणून घरीच दळा. मक्याच्या पिठात थोडं उकडलेलं गंगाफळ कुस्करून मळलं की भाकर तुटत नाही आणि मुलांना तिचा पिवळा रंग आवडतो.

बट्टीचं विचारलंय ना. जाडसर दळलेला मका आणि ज्वारी निम्मी निम्मी, ओवा, मीठ, तुपाचं मोहन, थोडं दही. गोळे आधी वाफवायचे, मग चिरून तुपात तळायचे. गव्हाच्या बट्टीसारखी ती सुटत नाही हे आधीच सांगते, थोडी घट्ट होते. पण वरण आणि घोटलेली वांग्याची भाजी वर पडली की पोर पोटभर जेवते.

---

अमळनेरची_माई

केवढं लिहिलंत सगळ्यांनी, वाचून खूप आधार वाटला. हिंगाची डबी बघितली, मागे गव्हाचं पीठ लिहिलंय. ती बाजूला काढली, आजपासून लसूण. लेकीच्या भावाला तपासणीसाठी नेतेय, आम्ही दोघंही करून घेतोय. घरघंटीसाठी ह्यांनी जळगावला चौकशी केली आहे.

सासूबाईंचा जीव एका गोष्टीत अडकलाय. आमच्याकडे श्रावणात कानबाई (आपली खान्देशातली देवी) बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटाचं धान्य, म्हणजे गहूच, घरातल्या माणसांच्या नावाने मोजून घेतात. लेकीचा वाटा काढायचा नाही का, असं त्या विचारतात आणि डोळ्यांत पाणी येतं. यावर कोणी काही केलंय का?

---

दादरवाली

माई, आमच्याकडेही कानबाई आहे. धान्य मोजताना माझ्या नावाचं आजही मोजतात, ते कोणी सोडलेलं नाही. रोट झाले की माझ्या वाट्याचा माझ्या जाऊबाई खातात. नैवेद्याच्या ताटातली गंगाफळाची भाजी आणि तांदळाची खीर मात्र आधी माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात निघते, रोटाचा हात लागायच्या आत. सासूबाईंना सांगा, लेकीचं नाव धान्यात राहू द्या. तिने आरती धरावी, गाणी म्हणावीत, विसर्जनाला सगळ्यांबरोबर नाचावं.

अखाजीला पुरण काही बंद नाही. हरभरा डाळ, गूळ, वेलची, जायफळ यांत गहू कुठे आहे? तांदळाच्या पिठीची उकड काढून त्यात पुरण भरा, मोदकासारखं वळा आणि वाफवा. रशी नेहमीचीच, फक्त मसाला घरचा आणि हिंग नको. वर आमरसाची वाटी. सणाला एकच खबरदारी, पुरण शिजलं की तिचं पहिलं काढून ठेवा. पोळ्या लाटणाऱ्या बाईचा कणकेचा हात पुरणात सारखा जात असतो.

---

भुसावळ_लोको

प्रवासाचं थोडक्यात. रेल्वेत आणि स्टेशनवर तिला केळी, उकडलेली अंडी, शेंगदाणे, सीलबंद दही आणि घरचा डबा. जळगावचे साधे खारे केळी वेफर्स चालतात, मसाल्याच्या चवीचे घेतले तर घटक वाचून घ्या. इडली चालेल असं वाटतं, पण बरेच ठिकाणी पिठात रवा असतो आणि सांबारात हिंग. आम्ही पुतणीसाठी दोन दिवसांच्या दशम्या नेतो, ज्वारीचं पीठ दुधात मळून केलेल्या. टिकतातही छान.

---

अमळनेरची_माई

दशम्या आमच्याकडेही होतात, लक्षातच आलं नव्हतं. दादरवाली ताई, सासूबाईंना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. म्हणाल्या, नाव राहणार ना, मग झालं.

आता थंडीत शेतात भरीत पार्टी आहे, सगळं कुटुंब येणार. भरीत तर चालेल ना?

---

दादरवाली

भरीत चालेल, अगदी निर्धास्त. वांगी काड्यांवर भाजलेली, लाकडी बडगीत ठेचलेली, वरून हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. यात कुठेही गहू येत नाही. सांभाळायचं ते पुऱ्यांचं. कळण्याच्या पुऱ्या फाटू नयेत म्हणून पुष्कळ जण त्यात मूठभर कणीक घालतात आणि सांगत नाहीत, त्यांच्या दृष्टीने ती मूठ मोजण्यासारखी नसते. तिची कळण्याची भाकर घरून न्या. चार वाट्या दादर, एक वाटी अख्खे काळे उडीद, दळतानाच मीठ. भरिताचं तिचं ताट आधी वाढून घ्या, नंतर त्याच पातेल्यात पुरीचे हात पडतात.

---

जळगावची_मावशी

उशिरा वाचला धागा. माय, आंडेरनी कायजी करू नको, दादरनी भाकर शे ना घरमा (लेकीची काळजी करू नको, दादरची भाकर आहे ना घरात).

एक राहिलं कोणाकडून, वाळवण. ज्वारीच्या बिबड्या तिला चालतात, पण उन्हाळ्यात एकाच गच्चीवर, त्याच धोतरांवर गव्हाच्या कुरडयाही वाळत असतात, चीक सांडलेला असतो. विकतच्या बिबड्या म्हणूनच नको. मी यंदा आधी बिबड्या घालणार आहे, नव्या धोतरावर, तीळ-लसूण घालून, आणि त्या झाल्यावर मगच गव्हाचा चीक काढणार. नागलीचे पापडही बिनहिंगाचे करते. व्यनि करून पत्ता कळवा, अमळनेरला आमचं येणंजाणं असतं, लेकीसाठी डबा पोचता करते.